संमेलनाचे नाटक

दिवाळीची सुटी संपली की हायस्कुलांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात आणि शिक्षकांच्या खोलीत जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : यंदा नाटक कोणते? उत्तर बहुधा तीन कसोट्यांवर ठरते. पात्रे किती, पडदे किती आणि हशे किती. ज्या मुलांनी ते नाटक महिनाभर तोंडात घोळवावयाचे, त्यांच्या हाती त्यातून काय लागणार, ही कसोटी शेवटी येते; पुष्कळदा येतही नाही. माझ्या मते ती पहिली असावी.

हशांच्या कसोटीने चांगल्या नाटकाचेही काय होते ते पाहा. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. संबंध नाटक शाळेला पेलत नाही, म्हणून तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचा प्रवेश तेवढा उचलला जातो. मिशा रंगवलेली पोरे झिंगल्याची नक्कल करतात, पालक पोट धरून हसतात. परंतु गडकऱ्यांनी हा विनोद सुधाकराच्या अधःपाताशेजारी आणि सिंधूच्या हालांशेजारी मांडला आहे. तो शेजार तोडला की दारूने केलेल्या नाशाचे नाटक दारूच्या गमतीचे होऊन बसते. उताऱ्याने नाटककाराचे म्हणणे उलटे करू नये, एवढे पथ्य तरी आपण पाळावयास हवे.

याउलट देवलांचे ‘शारदा’ घ्या. नाटक १८९९ सालचे. नाव काढताच ‘फार जुने झाले’ असे उत्तर मिळते. पदे गाणार कोण, ही अडचण मात्र खरी. चार-दोन पदे ठेवून बाकीची गाळावी लागतील आणि नाटकाचा गोडवा तितका उणा होईल. भुजंगनाथाच्या म्हातारचळाला हसता हसता प्रेक्षक शारदेला विसरतील, हाही धोका आहे. तो बसवणाऱ्याने सांभाळावयाचा.

पण जुने? बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ साली झाला, २००६ साली दुसरा झाला. तरीही सुटीनंतर नववीच्या पटावरचे एखादे नाव हजेरीला उत्तर देत नाही, हे अनेक शिक्षकांना ठाऊक आहे. लोभी बाप कांचनभट आणि मध्यस्थ भद्रेश्वर यांच्या कचाट्यात सापडलेली शारदा त्याच बाकावरची मुलगी आहे. तिची भाषणे पाठ करताना मुलींना अभिनय शिकवावा लागणार नाही.

या नाटकातला एक दोषही शाळेच्या कामी येण्यासारखा आहे. शारदेचे ते लग्न मोडते ते वयाच्या अन्यायामुळे नव्हे. वधूवर सगोत्र निघतात म्हणून. तालमीत एखादी मुलगी विचारील, ‘सर, गोत्र वेगळे असते तर?’ हा प्रश्न ज्या तालमीत निघेल, तिचा पडदा संमेलनाच्या रात्री वेळेवर उघडला नाही तरी चालेल.