६० लाख की ८८२?

नमुना जितका मोठा तितका निष्कर्ष पक्का, असे आपण वर्गात सर्रास सांगतो. वाढीच्या दोन माहितीसंग्रहांची तुलना केली, की हे विधान किती जपून करायला हवे ते कळते.

पहिला संग्रह कुत्र्यांचा. वॉल्थम संस्थेच्या संशोधकांनी २०१७ साली पिल्लांच्या वजनाचे तक्ते प्रसिद्ध केले. अमेरिकेतील पशुदवाखान्यांच्या एका साखळीतल्या ६० लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी त्यांच्या हाताशी होत्या. त्यांतून निरोगी आणि पहिली तीन वर्षे सुडौल राहिलेली कुत्रीच त्यांनी निवडली. दुसरा संग्रह जागतिक आरोग्य संघटनेचा. १९९७ ते २००३ या काळात दिल्लीसह सहा देशांतील केंद्रांवर बाळांची मोजमापे झाली आणि २००६ मध्ये तक्ते निघाले. पहिल्या दोन वर्षांच्या तक्त्यांचा मुख्य आधार म्हणजे अवघी ८८२ मुले!

मग विश्वास कोणावर ठेवायचा? या मुलांना ठरलेल्या वयात २१ वेळा भेटून मोजले गेले, आणि तेही दोघा मापकांनी स्वतंत्रपणे. कुत्र्याचे वजन मात्र मालक त्याला दवाखान्यात नेईल त्या दिवशीचे. रस्त्यावर वाढणारे कुत्रे तर या नोंदींत येतच नाही. शिवाय तक्ते बाराव्या आठवड्यापासून सुरू होतात, आणि त्यांत उंची नाही. केवळ वजनावरून पिल्लू मोठे होते आहे की नुसतेच लठ्ठ, हे कसे ठरवणार?

मात्र कुत्र्यांच्या अभ्यासकांनी एक गोष्ट योग्य केली. चिवावा आणि लॅब्रॅडॉर यांना एका रेषेत न कोंबता त्यांनी ४० किलोपर्यंतच्या जातींचे पाच वजनगट पाडले. माणसात तशी गरज भासली नाही. चांगले पोषण मिळालेल्या बाळांच्या लांबीत सहाही केंद्रांवर फारच थोडा फरक आढळला.

माणसांचे तक्तेही निर्दोष नाहीत. दोन वर्षांनंतरच्या भागात प्रत्येक वयाला बहुतांशी वेगवेगळी मुले मोजलेली आहेत. शाळकरी वयाचे २००७ चे संदर्भतक्ते तर मुख्यतः अमेरिकेतील १९७७ च्या तक्त्यांमागची जुनीच माहिती नव्याने वापरून केलेले आहेत.

याने काय बिघडते? समजा, तीन मुले एरवी वर्षाला ५ सें.मी. वाढतात, पण एक अकराव्या, दुसरे तेराव्या आणि तिसरे पंधराव्या वर्षी ९ सें.मी. वाढते. त्या-त्या वर्षीची सरासरी वाढ सुमारे ६.३ सें.मी. येते. प्रत्यक्षात एकही मूल कोणत्याही वर्षी तेवढे वाढलेले नाही! सरासरीने प्रत्येकाची झेप पुसून टाकली. फ्रान्झ बोआस यांनी १८९२ मध्येच हा धोका दाखवला होता. उलट फ्रान्समधील मोंबेयार यांनी १७५९ ते १७७७ या काळात आपल्या एकाच मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, आणि वयात येतानाची झेप त्या एका आलेखात आजही स्पष्ट दिसते.

शिक्षकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा नाही. सातवीतली एखादी मुलगी वर्गाच्या सरासरीपेक्षा खाली दिसली, की आपण तिला 'खुरटलेली' ठरवून मोकळे होतो. कदाचित तिची झेप अजून यायची असेल; कदाचित खरोखरच तिचे पोषण किंवा प्रकृती बिघडली असेल. एका मापावरून हे कळत नाही. तिची स्वतःची मागील तीन-चार वर्षांची मापे हवीत. ती शाळेच्या कपाटात पडलेल्या जुन्या नोंदवह्यांत बहुधा सापडतील. त्या बाहेर काढाव्यात आणि प्रत्येक मुलाचा आलेख वेगळा काढावा, ही विनंती.