'वादग्रस्त' या एका शब्दाविषयी

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत असल्यामुळे माझ्या रोजच्या वाचनात एक उर्दू आणि एक मराठी वर्तमानपत्र असते. एकच घटना दोन लिपींत वाचण्याची सवय पुष्कळ काही शिकवते. एखाद्या पुढाऱ्याने वा धर्मगुरूने विखारी भाषण केले की मराठी पत्रात बहुधा मथळा येतो, 'अमुक यांचे वादग्रस्त वक्तव्य'. कधी 'मुक्ताफळे', तर कधी 'तोफ डागली'. उर्दूत तेच भाषण 'इश्तिआल अंगेज बयान' होते, म्हणजे चिथावणीखोर.

वादग्रस्त म्हणजे ज्यावर दोन बाजूंनी वाद होऊ शकतो ते. शेताचा बांध वादग्रस्त असू शकतो. एखाद्या समाजाला देशातून हाकला, हे म्हणणे वादग्रस्त कसे? 'मुक्ताफळे' म्हटले की विखार विनोद होतो आणि 'तोफ' म्हटले की शौर्य. बातमीदाराने शिवी दिलेली नसते, पण शिवीला प्रतिष्ठा दिलेली असते.

उर्दू शब्द अधिक नेमका आहे, हे खरे. पण आपल्या उर्दू पत्रांनाही आरशात पाहावे लागेल. तेथे दुखावणारे वाक्य जसेच्या तसे मोठ्या अक्षरांत छापले जाते, वाचकाचे रक्त तापते आणि बातमी तेथेच संपते. आपल्याच एखाद्या वक्त्याने दुसऱ्या धर्माची टिंगल केली तर तेवढी मोठी अक्षरे दिसत नाहीत.

दूरचित्रवाणीने तर चिथावणीचा कारखानाच उघडला आहे. 26 मे 2022 रोजी ज्ञानवापी मशिदीवरील चर्चेत भाजपच्या तत्कालीन प्रवक्त्या नूपुर शर्मा यांनी पैगंबरांविषयी अवमानकारक उद्गार काढले. प्रकरण न्यायालयात होते, तरी पडद्यावर श्रद्धांना टोमणे मारण्याची स्पर्धा लागली होती. त्या मतांशी आमचा संबंध नाही, असे वाहिनीने नंतर सांगितले. पण पाहुणे कोणी बोलावले होते? आखाती देशांत निषेध सुरू झाल्यावर 5 जूनला पक्षाने त्यांना निलंबित केले. 10 जूनला रांचीत निदर्शनांच्या वेळी दोन तरुणांचा जीव गेला. त्याच महिन्यात आपल्या अमरावतीत एका औषधविक्रेत्याचा आणि उदयपुरात एका शिंप्याचा खून झाला. या खुनांना कोणतीही सबब नाही, हे आपण मोठ्याने म्हटले पाहिजे. न्यायप्रविष्ट विषयावर चर्चा घेण्याचे वाहिनीला कारणच काय, असा प्रश्न 1 जुलैला सर्वोच्च न्यायालयात विचारला गेला. तोपर्यंत जी माणसे गेली ती गेलीच होती.

आणखी एक गोष्ट बातमीत हरवते, ती म्हणजे पुढे काय झाले. भारतीय दंड संहितेच्या 153 अ कलमाखाली (आता भारतीय न्याय संहितेचे 196) खटला चालवायला सरकारची परवानगी लागते. 1992-93 च्या दंगलीच्या काळातील 'सामना'तील लेखनाबद्दल बाळासाहेब ठाकरे यांना जुलै 2000 मध्ये अटक झाली आणि मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण निकाली काढले. अटकेच्या दिवशी मुंबईचा श्वास रोखलेला होता. पण खरी बातमी त्या दिवसाची नव्हतीच, ती आधीच्या सात वर्षांची होती. परवानगीची फाइल कोणत्या टेबलावर पडून आहे, हे रोज विचारणारा बातमीदार लोकशाहीच्या अधिक कामाचा.

बातमी दडपा, असे माझे म्हणणे नाही. विखार लपवल्याने मरत नाही. पण शिवी मथळ्यात न देता तिचा आशय द्यावा, दाव्यात तथ्य किती हे त्याच बातमीत सांगावे, कलम सांगावे आणि निकाल लागेपर्यंत पाठपुरावा करावा. एवढे तरी जमायला हरकत नाही.

2022 च्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठवीतल्या एका मुलाने विचारले होते, "सर, ते आपल्याबद्दल असं का बोलतात?" मी म्हटले, "ते म्हणजे कोण, बेटा?" तो गप्प झाला. एका व्यक्तीचे वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत 'ते' झाले होते. एकाचे 'ते' कोण करते, हा प्रश्न वक्त्याइतकाच संपादकालाही विचारला पाहिजे. आणि वाचक म्हणून आपल्यालाही.