मात्रामापक आणि ताल

रियाजास मेट्रोनोम घ्यावा काय, हा प्रश्न लय व ताल यांतील भेद नजरेआड झाल्याने उद्भवतो. १८१५ मध्ये मेल्त्सेलने पेटंट घेतलेले हे यंत्र समान अंतरे मोजते. सम व खाली ते जाणत नाही. शीव येथील श्री वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य के. जी. गिंडे (१९२५–१९९४) ज्या रातंजनकर-परंपरेतील होते, तीत आदर पावलेला धमार घ्यावा. त्याच्या १४ मात्रा ५, २, ३, ४ अशा विभागतात. गायक दुगुण करीत असता हातावरील ताल मूळ गतीतच राहावा लागतो. यंत्राचे ठोके मात्र एकसारखे. त्यांवर विसंबणारा विद्यार्थी मात्रा राखील, सम गमावील. आजचे तबलायंत्र ठेका देते खरे, परंतु आवर्तन सांभाळण्याचा भारही तेच उचलते. म्हणून यंत्र परीक्षक असावे, गुरू नव्हे: आधी हातावर ताल धरून गावे, मग लय कोठे ढळते ते यंत्राकडून पडताळावे.