२६ ग्रॅम की ४८ ग्रॅम? : वांद्र्याचा एक प्रयोग आणि बालपणाचे भाकीत

बालपणी जे घडते ते आयुष्यभर शरीरात मुरून राहते, हे विधान हल्ली पालकसभांत, शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत आणि वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत वारंवार ऐकू येते. ‘मधुमेह आईच्या पोटातच ठरतो’ इथपर्यंत त्याची मजल गेली आहे. विधान निराधार नाही. पण शास्त्रातले विधान लोकांपर्यंत पोचता पोचता त्याच्या अटी गळून पडतात आणि मागे उरते ते भाकीत. म्हणून हे विधान आम्ही येथे मुंबईतच झालेल्या एका प्रयोगाच्या कसोटीवर तपासून पाहणार आहोत.

आधी विधानाचे मूळ पाहू. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून बाळांचे जन्माच्या वेळचे आणि एक वर्षाचे वजन वह्यांत नोंदवून ठेवलेले होते. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्यांवरून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचा पुढचा इतिहास शोधला. ज्यांचे वजन बालपणी सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक आढळले. हा निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी खरी, पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून असलेली. मोठेपणी मधुमेहाकडे झुकणाऱ्या भारतीय शरीराची ठेवण जन्मतःच दिसते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हे दोन्ही अभ्यास मोलाचे आहेत. परंतु ते निरीक्षणाचे आहेत, आणि कोंबडा आरवल्यावर उजाडते म्हणून कोंबड्यामुळे उजाडत नाही. बाळ लहान जन्मते त्या घरात बहुधा मिळकत कमी असते, खोली कोंदट असते, आईचे शिक्षण अर्धवट सुटलेले असते, आणि मूल मोठे झाल्यावरही यातले बरेच काही तसेच राहते. मग पुढच्या आजाराचा दोष जन्मवजनाला द्यायचा की त्या घराच्या परिस्थितीला? नुसत्या नोंदी याचे उत्तर देत नाहीत. त्यासाठी प्रयोग करावा लागतो, म्हणजे एका गटाला काही द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि काय घडते ते पाहायचे.

असा प्रयोग वांद्रे पूर्व येथील ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज’ या संस्थेने केला. डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डॉ. कॅरोलिन फॉल हे त्यातील प्रमुख संशोधक. प्रयोगाचे नाव ‘सरस’. २००६ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ६,५१३ विवाहित स्त्रिया त्यात घेतल्या गेल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ, तर दुसऱ्याला बटाटा-कांदा यांसारख्या, सूक्ष्मपोषके कमी असलेल्या भाज्यांचा खाऊ. विशेष म्हणजे हा खाऊ गर्भ राहण्यापूर्वीपासून बाळंतपणापर्यंत द्यायचा होता. गोळ्यांऐवजी घरगुती वळणाचे अन्न आणि गर्भधारणेच्या आधीची सुरुवात, या दोन गोष्टींसाठी या प्रयोगाला आम्ही वरचे स्थान देतो. वस्तीत वर्षानुवर्षे रोज खाऊ पोचवणे आणि कोणी किती खाल्ला याची नोंद ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे.

निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा हिशेब धरला तर पालेभाजीच्या गटातील बाळांचे वजन सरासरी २६ ग्रॅमने अधिक भरले. मात्र या आकड्याची अनिश्चितता १५ ग्रॅम घटीपासून ६८ ग्रॅम वाढीपर्यंत पसरलेली होती. म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्या स्त्रियांपुरते पाहिले, तर वाढ ४८ ग्रॅम, आणि अनिश्चितता १ ते ९६ ग्रॅम.

आता कोणता आकडा सांगायचा? संशोधकांनी दोन्ही शेजारी शेजारी छापले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण भाषणात किंवा बातमीत सांगायला ४८ सोयीचा. आमच्या मते आधी २६ सांगावा, कारण चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या पूर्ण गटांची तुलना तोच करतो. ४८ हा लवकर सुरुवात करण्याकडे बोट दाखवणारा धागा आहे, पक्का निर्णय नव्हे.

प्रयोगाच्या आणखी दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. पहिली, जन्मलेल्या १,९६२ बाळांपैकी वजनाची नोंद १,३६० बाळांचीच मिळाली. बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली रीत पाहता हे समजण्यासारखे आहे. तरी न मोजलेली बाळे मोजलेल्यांसारखीच होती का, हा प्रश्न उरतो. दुसरी, दोन खाऊंत फरक केवळ जीवनसत्त्वांचा नव्हता. पालेभाजी-दुधाच्या खाऊत सुमारे १६५ किलोकॅलरी, तर दुसऱ्यात सुमारे ९०. प्रथिनेही पहिल्यात अधिक. तेव्हा जो थोडा फरक दिसला तो सूक्ष्मपोषकांचा की अधिक अन्नाचा, हे या मांडणीतून वेगळे काढता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र बातम्यांत क्वचितच येतो. उंचीच्या मानाने ज्यांचे वजन चांगले होते, त्या स्त्रियांच्या बाळांत ९६ ग्रॅमची वाढ दिसली. मधल्या गटात ३४ ग्रॅमची. आणि सर्वांत कृश स्त्रियांच्या बाळांत वाढ दिसलीच नाही, उलट २३ ग्रॅम घट. म्हणजे ज्यांना गरज सर्वाधिक, त्यांच्या बाळांच्या वजनाला रोजच्या खाऊने हात दिला नाही. मुळात पोटभर अन्नच नसेल तर वरच्या मूठभर पालेभाजीने बाळ वाढणार कसे? वर्षानुवर्षांची उपासमार काही महिन्यांत भरून निघत नाही, असे आम्हांला यातून वाटते.

एक आशादायक बाबही आहे. गर्भारपणातील मधुमेह पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के स्त्रियांना, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के स्त्रियांना आढळला. अशा मधुमेहाचा मुलाच्या पुढील आरोग्याशी संबंध असल्याने हा फरक लक्षणीय आहे. पण प्रयोगाचा मुख्य प्रश्न जन्मवजनाचा होता. म्हणून हा निष्कर्ष अन्यत्र पुन्हा पडताळला पाहिजे. या मुलांची ५ ते १० वर्षांच्या वयात फेरतपासणीही झाली. त्यांच्या साठीतल्या हृदयाचे उत्तर मात्र त्यांच्या साठीतच मिळेल.

बालपण म्हणजे काही केवळ आहार नव्हे. मारहाण, उपेक्षा, घरातील व्यसन अशा अनुभवांचा पुढच्या आजारांशी संबंध १९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांनी दाखवला. पुढे अनेकांनी त्या प्रश्नावलीचे गुण मोजून व्यक्तीव्यक्तीचे भविष्य सांगायला सुरुवात केली. तेव्हा २०२० साली खुद्द अँडा यांनीच बजावले की हे गुण लोकसमूहांच्या अभ्यासासाठी आहेत, एकेका व्यक्तीचा धोका ठरवण्यासाठी नव्हेत. समूहाच्या सरासरीवरून एका मुलाची पत्रिका मांडता येत नाही, हा धडा वांद्र्यालाही तितकाच लागू आहे.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? वर्गातल्या कृश किंवा गप्प मुलाकडे पाहून ‘याचे पुढचे ठरलेलेच’ असे मनातही आणू नये. आकडे तसे म्हणत नाहीत. दोष आईच्या माथी मारू नये. ती स्वतः कोणाच्या तरी उपासमारीची वारसदार असते. आणि आठवी ते दहावीच्या मुलींकडे लक्ष द्यावे. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. पुढे वाढीचे वय चालू असताना शाळेतले हे जेवण बंद होते. ही उणीव भरून काढण्याची मागणी मुलींच्या आजच्या आरोग्यासाठीच केली पाहिजे. उद्या त्यांच्यापैकी कोणी आई झाली, तर त्याचा लाभ बाळालाही होईल.

नववी-दहावीच्या वर्गात २६ आणि ४८ हे आकडे त्यांच्या अनिश्चिततेसह फळ्यावर लिहावेत आणि विचारावे : तुम्ही वार्ताहर असता तर कोणता मथळा दिला असता, आणि का? या प्रश्नावर एक तासिका खुशाल खर्च करावी.