मलंगवेष आणि गुरुपरंपरा : ‘समन्वय’ या संज्ञेची एक तपासणी

१

मध्ययुगीन दख्खनमधील हिंदू व मुसलमान भक्तिपरंपरांचा विचार निघाला की मराठी समीक्षेत ‘समन्वय’ हा शब्द ओघानेच येतो. मुसलमान सुलतानाने सरस्वतीचे स्तवन केले, तो समन्वय. मुसलमान संताने ओवी रचली, तोही समन्वय. दत्तात्रेयाने फकिराच्या रूपात दर्शन दिले, तर तो समन्वयाचा कळस. या शब्दामागचा हेतू चांगला आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याची कसून तपासणी झालेली नाही. परंतु ज्या संज्ञेत भिन्न स्वरूपाच्या अनेक घटना सारख्याच सहजतेने सामावतात, ती संज्ञा त्यांपैकी कोणत्याही घटनेचे स्वरूप उलगडून दाखवू शकत नाही. या दृष्टीने संत एकनाथांच्या चरित्रातील मलंगदर्शनाचा प्रसंग विशेष उद्बोधक आहे. कारण त्या प्रसंगाविषयी कथा एक सांगते आणि तिच्याहून जुना ग्रंथ दुसरेच सांगतो.

२

कथा सर्वपरिचित आहे. महिपतींच्या चरित्रग्रंथांतून (‘भक्तविजय’ १७६२, ‘भक्तलीलामृत’ १७७४) एकनाथांचे जे चरित्र महाराष्ट्राच्या मनात ठसले, त्यात देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या भेटीस दत्तात्रेय येतात ते अविंधाच्या रूपाने. अंगावर मलंगाचा वेष, बोलणे यावनी भाषेत, सोबत कुत्री, आणि पुढे गुरुशिष्यांचे एकत्र भोजन. कोवळ्या वयाचा एकनाथ हे पाहून शंकित होतो. जनार्दनस्वामी मात्र निःशंक असतात. कारण वेषामागे कोण आहे, हे त्यांना ठाऊक असते. पुढे एकनाथांचीही शंका फिटते आणि मूळ रूपाचे दर्शन घडते.

या कथेच्या शेजारी शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ ठेवून पाहावा. श्रीगोंद्याच्या या संतकवीने शके १५६७ मध्ये, म्हणजे १६४५ साली, हा अठरा प्रसंगांचा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ साली तो संपादून प्रसिद्ध केला व १९६१ साली शेख महंमदांचा कवितासंग्रह अभ्यासकांच्या हाती दिला. ‘योगसंग्रामा’त शेख महंमद आपली गुरुपरंपरा सांगतात. तिचा आशय असा की, सद्गुरू चांद बोधले यांनी जनार्दनांचा अंगीकार केला, जनार्दनांनी एकनाथांना उपदेश दिला, आणि त्याच चांद बोधल्यांचा अनुग्रह शेख महंमदांना लाभला. येथे दर्शन नाही, रूपांतर नाही, चमत्कार नाही. एका गुरूचे नाव आहे, आणि त्या नावाखाली दोन शाखा आहेत. एका शाखेवर पैठण आहे, दुसऱ्या शाखेवर श्रीगोंदे.

एकनाथ स्वतः आपल्या रचनेत जनार्दनांचे नाव अखंड घेतात आणि परंपरेच्या मुळाशी दत्तात्रेयांना स्थापितात. चांद बोधल्यांचा उल्लेख करीत नाहीत. या मौनाचा आणि शेख महंमदांच्या स्पष्टोक्तीचा मेळ घालताना रा. चिं. ढेरे यांनी असे प्रतिपादन केले की, कथेतील मलंग म्हणजेच चांद बोधले होत. मुसलमान गुरू स्वीकारणे उत्तरकालीन परंपरेला अवघड गेले, म्हणून त्यांच्या जागी मलंगवेषधारी दत्त आला. मराठी संतसाहित्याच्या अभ्यासातील हे एक धाडसी प्रतिपादन आहे. त्याचे मोल मान्य करूनच त्याची छाननी झाली पाहिजे.

३

प्रथम पुराव्याचा प्रश्न. मलंगवेष हाच मुसलमान गुरूचा पुरावा, असे मानता येत नाही. दत्तात्रेयांचे विपरीत रूपात प्रकट होणे हा जुना संकेत आहे. मार्कंडेय पुराणात दत्तात्रेय मद्य व स्त्री यांसह दिसतात, आणि त्या रूपाने न बिचकणाऱ्यालाच त्यांची कृपा लाभते. भक्ताची परीक्षा पाहण्यासाठी निषिद्धाचे रूप धारण करणे, हा या दैवताचा स्वभावच मानला गेला आहे. तेव्हा अठराव्या शतकातील चरित्रकाराला हा संकेत आयता उपलब्ध होता. तो वापरण्यासाठी प्रत्यक्ष इतिहासात कोणी मलंग असलाच पाहिजे, असे नाही. ढेरे यांच्या प्रतिपादनाचा खरा आधार म्हणून वेषाची कथा नव्हे, तर शेख महंमदांची साक्ष हा आहे. ही दोन प्रमाणे वेगळी ठेवली पाहिजेत; एकाने दुसऱ्याला सिद्ध करू गेल्यास दोन्ही दुबळी होतात.

शेख महंमदांची साक्षही सर्वस्वी तटस्थ नाही. १६४५ पर्यंत एकनाथांची कीर्ती सर्वत्र पसरलेली होती, आणि त्यांच्याशी गुरुबंधुत्वाचे नाते सांगण्यात भूषण होते. तथापि ही साक्ष कथेहून शतकाहूनही अधिक जुनी आहे, आणि ती चमत्काराच्या भाषेत नसून परंपरानिवेदनाच्या भाषेत आहे. शिवाय तिच्यात अग्रस्थान एकनाथांना नाही, चांद बोधल्यांना आहे. कीर्तीचा आधार शोधणाऱ्याने मांडणी बहुधा उलट केली असती. ग्रंथप्रामाण्याचे पारडे येथे शेख महंमदांकडे झुकते, एवढे म्हणणे सयुक्तिक आहे.

दुसरा प्रश्न अर्थाचा, आणि तो अधिक महत्त्वाचा. वेषाची कथा ही केवळ लपवणूक होती, असे म्हटल्याने तिचे वाङ्मयीन कार्य संपूर्ण उलगडत नाही. लपवायचेच होते, तर मलंगाला मुळीच न आणणे सोपे होते. देवगिरीवर दत्त ब्राह्मण संन्याशाच्या रूपाने आले असते तरी परंपरा अखंडित राहिली असती. कथेने नाव गाळले, पण वस्त्र राखले. व्यक्ती पुसली, पण तिची बोली, तिचे सोवळ्याओवळ्यापलीकडचे अन्न राखले. इतकेच नव्हे, तर कथेचे सारे आध्यात्मिक वजन त्या परकेपणावरच तोलले आहे. मलंग खराखुरा परका वाटल्याखेरीज एकनाथांच्या शंकेला अर्थ नाही, आणि शंकेला अर्थ नसेल तर तिच्या निरसनालाही नाही. विस्मरणाच्या हेतूने रचलेली कथा अशा रीतीने स्मरणाचे साधन झाली आहे. तिच्यातील उणीव मात्र झाकता येत नाही. शेवटी मूळ रूप प्रकट होताच मलंग नाहीसा होतो. परक्याला वंदन घडते ते तो परका नव्हताच, या अटीवर.

४

ही अट एकनाथांची होती काय? त्यांच्या ‘हिंदु-तुर्क संवादा’कडे पाहिले तर तसे वाटत नाही. त्या रचनेतील तुर्क कोणाचेही सोंग नाही. तो आपल्या दख्खनी वळणाच्या बोलीत मूर्तिपूजेवर व पुराणकथांवर धारदार आक्षेप घेतो. हिंदू त्याला त्याच्या आचारातील उदाहरणे देऊन उत्तर देतो. दोघेही एकमेकांना लागेल असे बोलतात, आणि शेवटी दोघांचे समाधान होते तेव्हा दोघेही आपापल्या जागी उभेच असतात. तुर्काचे रूपांतर होऊन तो कोणी देव निघत नाही. ज्या कवीला वेषाविना मुसलमानाशी बोलता आले, त्याच्या चरित्रकाराला वेषाची गरज पडली. या दोहोंमधील अंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांचे आहे, आणि ‘समन्वय’ हा एकच शब्द दोन्हींना लावल्यास ते अंतर दिसेनासे होते.

शेख महंमदांची भूमिका याहूनही निराळी आहे. ते स्वतःस ‘अविंध’ म्हणवितात आणि आपल्या हृदयात गोविंद असल्याचे सांगतात. ‘अविंध’ म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. हा शब्द मताचा नाही, शरीरावरील खुणेचा आहे. ती खूण ते पुसत नाहीत. क्षुद्र दैवतांपुढील पशुबळी, दांभिक गुरू, बाह्य अवडंबर यांवर ते कठोर टीका करतात आणि तीत हिंदू-मुसलमान असा भेद ठेवीत नाहीत. त्यांना नंतरच्या परंपरेने कबीराचा अवतार मानले. म्हणजे येथेही एका संताचे स्पष्टीकरण दुसऱ्या रूपाने देण्याची प्रवृत्ती दिसते. त्यांच्या ग्रंथाला मात्र अशा स्पष्टीकरणाची आवश्यकता भासलेली नाही.

५

हाच भेद समकालीन कलेतही पडताळून पाहता येतो. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह (१५८०–१६२७) याने दख्खनीत रचलेल्या ‘किताब-ए-नवरस’मध्ये सरस्वती व गणपती यांची स्तवने आहेत आणि गुलबर्ग्याच्या ख्वाजा गेसूदराजांचाही गौरव आहे. त्याच्या दरबारातील फर्रुख हुसेन या चित्रकाराने सतराव्या शतकाच्या आरंभी काढलेले वीणाधारिणी सरस्वतीचे चित्र जयपूरच्या राजसंग्रहात आहे. त्यावरील लेखात सुलतान गणपतीला पिता व सरस्वतीला माता मानतो. देवीला तेथे परीचे किंवा अन्य कशाचे रूप दिलेले नाही; तिचे नाव तिचेच आहे.

त्याच सुलतानाच्या चिरविश्रांतीचे स्थान असलेल्या इब्राहीम रोज्याच्या भिंती मात्र अरबी अक्षरांच्या कोरीव पट्ट्यांनी व्यापलेल्या आहेत. खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा अक्षरांच्या आहेत. घुमट कमळपाकळ्यांच्या वलयातून वर येतो, पण मृत्यूच्या संनिध जे शब्द कोरले गेले ते कुराणाचे आहेत. या दोन कृतींत विसंगती शोधण्याचे कारण नाही. संगीत व विद्या यांच्या क्षेत्रात सुलतान सरस्वतीचा पुत्र होता. परलोकाच्या दारी तो मुसलमान होता. दोन्ही निष्ठा आपापल्या स्थानी, आपापल्या नावाने वावरतात. कोणतीही दुसरीचे सोंग घेत नाही. अर्थात हा मोकळेपणा राजाचा होता. पंगतीत बसून जेवणाऱ्या गृहस्थाला जातीची भीती होती, ती सिंहासनाला नव्हती. महिपतींच्या कथेचा न्याय करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

६

तेव्हा एकाच प्रदेशात निदान तीन भिन्न रीती आढळतात. विजापूरच्या दरबारात दोन नावे शेजारी नांदतात, ‘योगसंग्रामा’त दोन नावे एका गुरूखाली एकत्र येतात, चरित्रकथेत एक नाव दुसऱ्यात विलीन होते. तिसऱ्या रीतीलाच समन्वयाचा आदर्श मानण्याची सवय समीक्षेला जडली आहे, आणि तेथेच सावध होणे आवश्यक आहे. कारण या रीतीत एका पक्षाला आपले नाव गमवावे लागते.

हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता नाही. श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या अंत्यस्थानाला कोणी समाधिमंदिर म्हणतात, कोणी दर्गा. आणि त्या दोन शब्दांवरून अलीकडच्या वर्षांत वादही उद्भवला आहे. अशा वादाचा निवाडा समीक्षेने करावयाचा नसतो. परंतु त्या स्थानी विसावलेल्या पुरुषाने स्वतःविषयी काय लिहून ठेवले, हे सांगणे तिचे कर्तव्य आहे. त्याने गुरूचे नाव चांद बोधले असे सांगितले, गुरुबंधूचे नाव जनार्दन असे सांगितले, स्वतःला अविंध म्हटले आणि मराठी ओवीत ईश्वराचे गुण गायिले. यांपैकी एकही विधान गाळल्याखेरीज जे नाव त्याला देता येत नाही, ते नाव अपुरे समजले पाहिजे.