सीमापार सौर सहकार्य आणि मांजरा-गोदावरी खोऱ्यातील शेतकरी : एक चिकित्सा

प्रस्तावना :

नवीकरणीय ऊर्जेच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय सहकार्याची चर्चा बहुधा परिषदा, करार आणि मेगावॅटचे आकडे यांच्याभोवतीच फिरत राहते. किती निधी आला, किती क्षमता उभारली गेली आणि किती देशांनी स्वाक्षऱ्या केल्या यावरून सहकार्याचे यश मोजले जाते. हे मोजमाप चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर हे तंत्रज्ञान शेवटी येऊन पोहोचते, त्याच्या विहिरीतील पाण्याचे आणि त्याच्या उत्पन्नाचे काय होते, हा प्रश्न या मोजमापात बसत नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे दोन्ही जिल्हे राज्याच्या सीमेवरचे आहेत. नांदेडच्या सीमा तेलंगणा व कर्नाटकाला, तर लातूरची सीमा कर्नाटकातील बिदर जिल्ह्याला भिडते. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगररांगेत उगम पावणारी मांजरा नदी लातूर, बिदर व तेलंगणा असा प्रवास करून गोदावरीला मिळते. सीमेपलीकडच्याशी व्यवहार कसा करावा हा विषय येथील लोकांना परराष्ट्र धोरणातून नव्हे, तर नदीच्या पाण्यातून परिचित झालेला आहे. म्हणूनच सौर ऊर्जेतील सहकार्याची चिकित्सा पाण्याच्या बाजूने करणे येथे सयुक्तिक ठरते.

सहकार्याचे प्रचलित स्वरूप :

महाराष्ट्रातील सौर ऊर्जेचा आरंभीचा एक मोठा टप्पाच परदेशी सहकार्यातून साकारला. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प मार्च २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. त्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने कर्ज दिले होते. भारत-जर्मन ऊर्जा मंच २००६ मध्ये स्थापन झाला होता. पुढे मे २०२२ मध्ये उभय देशांनी हरित व शाश्वत विकासाची भागीदारी जाहीर केली आणि जर्मनीने २०३० पर्यंत १० अब्ज युरोंच्या साहाय्याची तयारी दर्शविली.

दुसरे उदाहरण आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथील हवामान परिषदेच्या वेळी भारत आणि फ्रान्स यांच्या पुढाकाराने या संघटनेची घोषणा झाली. तिचा पायाभूत करार ६ डिसेंबर २०१७ रोजी अंमलात आला आणि तिचे मुख्यालय हरियाणातील गुरुग्राम येथे आहे. २०३० पर्यंत १००० अब्ज डॉलरची गुंतवणूक उभी करणे हे तिचे घोषित उद्दिष्ट आहे. कृषी वापरासाठी सौर साधने हा तिच्या अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमांपैकी एक होता. या कार्यक्रमात २२ देशांची सौर पंपांची मागणी एकत्र करण्यात आली व ती पावणेतीन लाख पंपांच्या आसपास गेली. मागणी एकवटल्यास किंमत उतरते, हा यामागील विचार योग्यच आहे. मात्र येथे मोजले गेले ते पंप. त्या पंपांनी उपसावयाचे पाणी मोजले गेले नाही. शिवाय या करारातील सदस्यांचा सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असल्याने कोणी, किती आणि केव्हा करावयाचे याचे बंधन त्यातून निर्माण होत नाही.

सहकार्याच्या भाषेखाली व्यापारातील संघर्षही चालू असतो, हे विसरता येणार नाही. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानात देशी बनावटीचे सौर घट वापरण्याची अट होती. या अटीविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अपील मंडळाने भारताच्या विरोधात निर्णय दिला. अमेरिकेतील काही राज्यांच्या तशाच अटींविरुद्ध भारतानेही तक्रार नेली व २०१९ मध्ये तज्ज्ञ मंडळाचा अहवाल भारताच्या बाजूने लागला. तात्पर्य, जेथे पैसा आणि बाजारपेठ यांचा संबंध येतो तेथे राष्ट्रे अत्यंत काटेकोर भाषेत बोलतात. शेतकऱ्याचा संबंध येतो तेथे मात्र भाषा सदिच्छेची होते.

मराठवाड्याला झालेला लाभ :

टीकेपूर्वी लाभाची नोंद करणे न्याय्य ठरेल. कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळणे ही मराठवाड्यातील शेतकऱ्याची जुनी व्यथा आहे. अंधारात पाणी धरण्यासाठी जाणे, साप-विंचवाचे भय, जळालेले रोहित्र आणि ते बदलून मिळेपर्यंत वाळणारे पीक हे सर्व त्याने अनुभवले आहे. दिवसा वीज मिळणे हा त्याच्यासाठी सुरक्षिततेचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

या दृष्टीने दोन मार्ग अवलंबिले गेले. पहिला मार्ग वाहिनीच्या सौरीकरणाचा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. त्यात उपकेंद्राजवळील जमीन हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाड्याने, दरवर्षी ३ टक्के वाढ देऊन, घेण्याची तरतूद झाली. दुसरा मार्ग स्वतंत्र सौर पंपाचा. २०१९ मध्ये मंजूर झालेली केंद्राची पीएम-कुसुम योजना आणि २०२४ मधील राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांतून शेतकऱ्याला १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरून पंप मिळतो. राज्याच्या सौर कृषी कार्यक्रमासाठी बीजिंग येथे मुख्यालय असलेल्या आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेच्या कर्जाचा मार्गही स्वीकारण्यात आला आहे. म्हणजेच औसा किंवा मुखेड तालुक्यातील शेतातला पंप हाही आता आंतरराष्ट्रीय वित्तव्यवहाराचे शेवटचे टोक झाला आहे.

जमीन मोजली, पाणी नाही :

स्वतंत्र सौर पंपाच्या योजनेत पंपाची क्षमता जमिनीच्या क्षेत्रावरून ठरते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्ती आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती असे हे कोष्टक आहे. प्रशासनाच्या दृष्टीने ते सोयीचे आहे, कारण सातबारा पाहून निर्णय घेता येतो. परंतु सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असली तरी तिची आवक किती, हे तेथे लिहिलेले नसते.

लातूर आणि नांदेडच्या बऱ्याच भागात जमिनीखाली बेसाल्ट खडक आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. काही तास उपसा झाला की विहीर तळाला जाते व पुन्हा पाझराची वाट पाहावी लागते. येथेच एक मूलभूत विसंगती दिसते. मराठवाड्यात सूर्यप्रकाश सर्वांत प्रखर असतो तो एप्रिल-मे महिन्यांत, आणि विहिरी कोरड्या पडतात त्याही याच महिन्यांत. पॅनेल जेव्हा सर्वाधिक वीज देऊ शकते, तेव्हा पंपाला उपसण्यासाठी पाणी नसते. वीजजाळ्याशी न जोडलेल्या पंपाची ही सर्व ऊर्जा वाया जाते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो शेतकरी मग आणखी खोल विंधन विहीर घेण्याचा विचार करतो, कारण उपशाला खर्चच उरलेला नसतो. वर्षातील सर्वांत मौल्यवान सूर्यप्रकाश एक तर वाया जावा किंवा भूजल आणखी खोल नेण्यास कारण व्हावा, ही स्थिती कोणत्याही धोरणाला भूषणावह नाही.

या धोक्याला कल्पनाविलास म्हणता येणार नाही. मांजरा धरण आटल्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ही घटना फार जुनी नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरहून अधिक खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद आहे. मात्र सौर पंपाचे धोरण आणि भूजलाचा कायदा हे दोन स्वतंत्र दालनांत वावरताना दिसतात. पंप देणारी यंत्रणा महावितरणाची, पाणी पाहणारी यंत्रणा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची; शेतकरी मात्र एकच आहे.

धुंडी आणि बांगलादेश : न पोहोचलेला अनुभव :

या प्रश्नाची उत्तरे शोधण्याचा प्रयत्न झालेला आहे आणि तोही सीमापार सहकार्यातूनच. श्रीलंकेत मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने टाटा न्यासाच्या सहकार्याने गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात सौर पंपधारकांची सहकारी मंडळी २०१६ मध्ये उभी केली. सहा शेतकऱ्यांपासून सुरू झालेल्या या मंडळीने वीज वितरण कंपनीशी २५ वर्षांचा करार करून शिल्लक वीज ४ रुपये ६३ पैसे प्रतियुनिट दराने विकण्यास प्रारंभ केला. संस्थेने त्यावर हरित ऊर्जेसाठी सव्वा रुपया आणि पाणी वाचविल्याबद्दल आणखी सव्वा रुपया अधिमूल्य दिले. यातील मर्म साधे आहे : न उपसलेल्या पाण्याला किंमत मिळाली. पंप बंद ठेवणे हाही शेतकऱ्यासाठी उत्पन्नाचा मार्ग ठरला.

बांगलादेशाचा अनुभव निराळा असला तरी तितकाच उपयुक्त आहे. तेथील इडकॉल या शासकीय वित्तसंस्थेने जागतिक बँक, केएफडब्ल्यू इत्यादींच्या साहाय्याने सौर सिंचनाचे प्रकल्प उभारले. त्यात एक मोठा पंप अनेक अल्पभूधारकांना शुल्क घेऊन पाणी पुरवितो. पंप मालकीची वस्तू न राहता सेवा बनते. वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे झालेल्या मराठवाड्यात प्रत्येक सातबाऱ्यास स्वतंत्र पंप देण्यापेक्षा हा विचार किमान तपासून पाहण्यासारखा आहे.

या प्रयोगांच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. धुंडी हा अनुदानावर आधारलेला लहान प्रयोग आहे आणि खेडा जिल्ह्याची जमीन गाळाची आहे. मोठ्या वाहिनी प्रकल्पातील वीज धुंडीच्या दरापेक्षा स्वस्त पडते, हा वितरण कंपनीचा युक्तिवादही दुर्लक्षिता येत नाही. परंतु स्वस्त वीज वाहिनीतून विनामूल्य मिळाल्याने उपशाला आळा बसत नाही. पाण्याचा प्रश्न तेथेच राहतो. उलट, बेसाल्टच्या प्रदेशात विहिरी वर्षातील अनेक दिवस रिकाम्या असल्याने शिल्लक विजेचे प्रमाण गाळाच्या प्रदेशापेक्षा अधिक असणार. म्हणजे धुंडीचा विचार खेड्यापेक्षा लातूरला अधिक लागू पडतो. कर्ज बीजिंगहून आणि फ्रँकफर्टहून येऊ शकते. खेडा जिल्ह्यातील अनुभव मात्र लातूरच्या धोरणात उतरत नाही, हे सहकार्याचे मोठे अपयश होय.

बाभळीचा धडा :

सीमेवरच्या पक्षांना पाण्याविषयी काटेकोर लिहिता येत नाही, असे म्हणण्यास नांदेडमध्ये तरी आधार नाही. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याची दारे उघडी राहतील, साठा २.७४ टीएमसीच्या मर्यादेत असेल, १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल आणि त्रिसदस्यीय समिती देखरेख करील, अशी त्याची चौकट आहे. पावसाळ्यातील मुख्य प्रवाह वाहून गेल्यावर दारे बंद होतात, ही तेथील शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. तरीही कोणी, किती आणि केव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात लिहिलेली आहेत. व्यवस्थेवर टीका करता येते तीही त्यामुळेच. संदिग्ध करारावर टीकाही धड करता येत नाही.

सौर सहकार्याला हीच कसोटी लावावयास हवी. त्यातही सर्वांत जवळची सीमा सर्वांत दुर्लक्षित आहे. तेलंगणात १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. महाराष्ट्राने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत तीच सवलत दिली. मांजरेच्या एकाच खोऱ्यात तीन राज्ये मोफत उपशाची धोरणे राबवितात. त्या खोऱ्याचे पाणी मात्र कोणाच्याच ऊर्जा धोरणात मोजले जात नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, सीमापार सहकार्याने मराठवाड्याला निधी, यंत्र आणि दिवसाची वीज दिली. पाण्याचे शहाणपण मात्र दिले नाही. हे टाळता येण्यासारखे आहे. पंपाची क्षमता ठरविताना जमिनीबरोबर विहिरीची आवक विचारात घ्यावी आणि त्यासाठी भूजल यंत्रणेचा दाखला आवश्यक करावा. जेथे वाहिनी जवळ आहे तेथे शिल्लक वीज विकण्याची मुभा द्यावी. जेथे ती दूर आहे तेथे पिठाची गिरणी, कडबाकुट्टी यंत्र यांसारखी साधने त्याच पॅनेलवर चालविणारा नियंत्रक द्यावा. असे तंत्रज्ञान उपलब्ध आहे. वाहिनी प्रकल्पांत जमीनमालकास भाडे मिळते, परंतु त्या जमिनीवर राबणाऱ्या शेतमजुराचा रोजगार जातो. त्याच्या वाट्याचाही विचार करारात लिहिला जावा. आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ व त्याच्याशी संलग्न महाविद्यालये यांनी बिदर व निजामाबाद येथील उच्च शिक्षण संस्थांसमवेत मांजरा खोऱ्यातील सौर उपशाची संयुक्त नोंद ठेवण्याचे काम हाती घ्यावे. त्यासाठी परदेशी कर्जाची गरज नाही. प्रत्येक गावातील काही निवडक विहिरींची पातळी नियमित मोजणारे विद्यार्थी आणि त्या नोंदी सीमेपलीकडे पाठविण्याची तयारी एवढे त्यास पुरेसे आहे.