चहादाणी पाहायची की शिक्का?

चीनमधल्या यीशिंगच्या चहादाण्यांवर हल्ली जे काही लिहिले जाते, त्यात चहादाणी सोडून सगळे असते. माती कुठल्या खाणीतली, कारागिराला सरकारी पदवी कोणती, तळाशी शिक्का कुणाचा, बोली किती लागली. २०१० साली बीजिंगच्या लिलावात गु जिंगझोऊ यांची 'शीपियाओ' घाटाची चहादाणी १ कोटी २३ लाख युआनांना गेली. तिची किंमत जगभर गाजली. तिच्या घाटाबद्दल मात्र कुणी चार ओळीही धड लिहिल्या नाहीत.

लिहिण्यासारखे तिथेच होते. रुंद बूड, वर निमुळते होणारे अंग, खाली तीन छोटे पाय. यीशिंगची जांभळट माती चाकावर फिरवत नाहीत. लाकडी थापीने तिची पट्टी करायची, गोल वळवून सांधायची, आतून बोटांचा आधार देत बाहेरून थापत पोट आणायचे आणि शिंगाच्या पातळ पात्याने अंग घोटून घ्यायचे. मग साधारण ११०० ते १२०० अंशांची भट्टी. वर झिलई नाही, म्हणजे हाताची चूक झाकायला काहीच नाही. झाकणाच्या गाठीवरचे भोक बोटाने दाबले की चहाची धार थांबली पाहिजे; इतके ते झाकण बेतशीर बसावे लागते. मिंग काळातल्या शी दाबिनपासून जिंगझोऊंपर्यंत या कलेचा कणा हा असा साधा घाट आहे.

फुलाफळांच्या चहादाण्या? त्या घाटाच्या उस्ताद जियांग रोंग यांच्यानंतर त्या बहुतेक कपाटातच शोभतात. कोरीव अक्षरांचेही तेच: छिंग काळातल्या चेन मानशेंगने मजकूर घाटाला जोडला होता, आता तो घाटावर लादला जातो.

मातीचे वेड तर कहरच. २००५ च्या सुमारास यीशिंगच्या ह्वांगलोंग डोंगरातले खाणकाम थांबले आणि 'मूळ खाणीची माती' हा मंत्र झाला. २०१० मध्ये चिनी दूरचित्रवाणीने रासायनिक रंग मिसळलेल्या मातीचा बाजार उघडा पाडला, तरी संग्राहक प्रमाणपत्रेच गोळा करत राहिले. उत्तम माती वाईट हातात वाईटच राहते, हे त्यांना कोण सांगणार?

आणि शिक्का? तरुण जिंगझोऊ १९३० च्या दशकात शांघायच्या पुराणवस्तू-व्यापाऱ्यासाठी चेन मिंगयुआनसारख्या जुन्या उस्तादांच्या नकला घडवत. त्या नकलांनी जाणकारांनाही चकवले. ज्या हातांनी शिक्क्याचे महत्त्व खोटे ठरवले, त्याच हातांचा शिक्का आज कोटींत विकला जातो, यापेक्षा मोठा विनोद नाही. नावामागे धावणाऱ्यांना नकलेत उणे सापडले नाही, याचा अर्थ ते घाट पाहतच नव्हते.

सरकारी पदवी मिळालेल्या उस्तादाच्या नावाने दुसऱ्याच कुणी घडवलेला माल खपतो, तोही याच आंधळेपणामुळे. तेव्हा लिलावाच्या सूचीत वंशावळ आणि बोली छापण्याआधी तोटीची धार कशी पडते आणि झाकण कसे बसते ते छापा. चहा ओतून पाहण्याची हिंमत नसलेल्याला या कलेवर मत देण्याचा अधिकार नाही, मग त्याने कितीही युआन मोजलेले असोत.